छताच्या वरचे चार फूट

बिरूमामा भिंतीला आधी खांदा लावायचे.

पार्टिशन उभं राहिलं, सगळे स्क्रू घट्ट झाले की ते दोन पावलं मागं जायचे आणि डावा खांदा पॅनलच्या मधोमध टेकवून अंगाचं सगळं वजन त्यावर टाकायचे. भिंत हलली नाही की म्हणायचे, "बराबर." मग गुडघ्यावर बसून भिंतीखालून वर्तमानपत्राचा कागद सरकवून बघायचे. कागद अडला की पुन्हा, "बराबर." या दोन परीक्षा पास झालेली भिंत त्यांच्या लेखी पास. वर बघायला त्यांनी मला कधी सांगितलं नाही. मी सिव्हिलचा डिप्लोमा केलेली, साइट इंजिनिअर म्हणून पगार घेणारी. मलाही ते कधी सुचलं नाही.

बिरूमामा घनसावंगी तालुक्यातले, जांब समर्थच्या बाजूचे. वडलांची मेंढरं होती. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन ते गावोगावच्या रानात उतरायचे आणि संध्याकाळी मेंढरांभोवती खुंट्या ठोकून जाळी लावायचे. त्या जाळीला वाघर म्हणतात. सकाळी वाघर गुंडाळायची, घोड्यावर टाकायची, दुसऱ्या रानात पुन्हा लावायची. "माझ्या बापानं जल्मभर भिंती उचलल्या आन् ठेवल्या," बिरूमामा सांगायचे. "मी बी तेच करून राह्यलो. फरक येवढाच, आता आत मेंढरं न्हाईत, सायेब हायेत." हे सांगून ते स्वतःच आधी हसायचे.

सतराव्या वर्षी ते जालन्याला ॲल्युमिनिअमच्या दुकानात लागले. मी त्यांना भेटले तेव्हा ते चोपन्न वर्षांचे होते आणि राधेश्याम शेठकडं फिटर होते. शेठचा धंदा सोडवता-जोडवता येणाऱ्या पार्टिशनचा. ऑफिस हललं की भिंतीही हलवायच्या. अख्ख्या जालन्यात या कामात बिरूमामांसारखा हात दुसरा नव्हता. इतर फिटर भिंत उतरवतात तेव्हा चार-दोन पॅनलचे कोपरे तुटतातच. बिरूमामांचा एक स्क्रू हरवायचा नाही. प्रत्येक पॅनलच्या कडेला ते गेरूनं खूण करायचे. एक ठिपका, दोन ठिपके, आडवी रेघ, फुली. वडील मेंढरांच्या पाठीवर करायचे त्याच खुणा. मी एकदा म्हटलं, "मामा, मार्करनं नंबर टाका ना सरळ."

"मॅडम, नंबर वाचावा लागतो. खूण दिसती," ते म्हणाले.

दोन पॅनलच्या सांध्यात रबराची पट्टी असते. ती फट बुजवते. पट्टीही ते काढायचे, पुसायचे, भेंडोळं करून पिशवीत ठेवायचे आणि पुढच्या जागी तीच लावायचे. काही फेकायचं नाही, हा त्यांचा अभिमान होता. मला तो फार आवडायचा.

परतूरचं काम गेल्या वर्षी आलं. मोंढ्याजवळ, म्हणजे धान्यबाजाराजवळ, बियाण्याचं जुनं गोदाम आहे. त्याच्या वरच्या मजल्यावरचा हॉल एका संस्थेनं महिला सल्ला केंद्रासाठी भाड्यानं घेतला होता. नवरा-बायकोची, सासरची भांडणं तिथं येतात. आधी बाईचं एकटीचं ऐकून घ्यायचं, मग सासरच्यांना आत बोलवायचं, असा रिवाज. त्यासाठी एक बंद खोली हवी, बाहेर बसायला बाकडं हवं. केंद्र चालवणाऱ्या नंदाबाईंनी पहिल्याच दिवशी आम्हाला सांगितलं, "दिसायला कशी का असंना, मला खोलीतलं खोलीत राहिलं पाहिजे."

एमआयडीसीतलं एक ऑफिस बंद झालं होतं, तिथली पार्टिशनं शेठनं उचलून ठेवली होती. आठ फूट उंचीची. परतूरच्या हॉलला फॉल्स सीलिंग होतं, तेही बरोबर आठ फुटांवर. मला वाटलं, काय नशीब! कापाकापी नाही, जोडाजोडी नाही. ड्रॉइंगवर मी लिहिलं, 'पार्टिशन सीलिंगपर्यंत'. खाली सही केली. कंपनीचं पत्रक नंदाबाईंना दाखवलं. ही भिंत एवढे एवढे डेसिबल अडवते, असा त्यात आकडा होता. त्यांनी विचारलं, "म्हणजे बाहेर ऐकू येणार न्हाई ना?"

"नाही येणार," मी म्हटलं.

बिरूमामांनी दोन दिवसांत खोली उभी केली. खांदा लावला. कागद सरकवला. दाराखाली तर त्यांनी ब्रशची पट्टी बसवली, मुंगी जाणार नाही अशी. "मेंढरू कदी बी खालून निसटतं," ते गुडघ्यावर बसल्या बसल्या म्हणाले, "आन् लांडगा बी खालूनच शिरतो. खालचं पक्कं केलं की माणूस बिनघोर झोपतो."

नंदाबाई खोलीत खुर्ची टाकून बसल्या आणि म्हणाल्या, "झकास."

दोन महिन्यांनी त्यांचा मला फोन आला. आवाज ओळखू येत नव्हता. "ताई, तुमच्या माणसांनी त्या खोलीत काही यंत्र बसवलं का? स्विचबोर्डात वगैरे? रेकॉर्डिंगचं?"

मी म्हटलं, "नाही हो. का?"

त्यांनी सांगितलं ते असं. दैवशाला नावाची एक बाई केंद्रात यायची. नवरा मारायचा. सहा वर्षांची मुलगी होती, प्रियदर्शनी. एका शुक्रवारी दोन्हीकडच्यांना बोलावलं होतं. सासू आणि नवरा बाहेर बाकड्यावर, दैवशाला आत. आत तिनं नंदाबाईंना सांगितलं, सोमवारी शाळा सुटली की पोरीला घेऊन मी परस्पर मंठ्याला भावाकडं जाणार, घरी कुणाला ठाऊक नाही. रविवारी सकाळी सासूनं पोरीला गाडीवर बसवून आपल्या बहिणीकडं नेऊन ठेवलं. कोणत्या गावात, ते कुणी सांगेना. वर दैवशालाला म्हणाली, "तुझी ती बाईच आमच्या बाजूची हाय. समदं सांगती आम्हाला."

दैवशालानं केंद्रात येऊन नंदाबाईंच्या तोंडावर थुंकल्यासारखं केलं आणि निघून गेली. गावात बोभाटा झाला. बायका यायच्या थांबल्या. संस्थेचे अध्यक्ष रामराव यांनी नंदाबाईंना नोटीस दिली.

"त्या खोलीत आम्ही दोघीच होतो," नंदाबाई फोनवर म्हणाल्या. "मी सांगितलं न्हाई. ती कशाला सांगंल? मग सांगितलं कोणी, भिंतीनं?"

दुसऱ्या दिवशी बिरूमामा आणि मी परतूरला गेलो. मामांनी स्विचबोर्ड खोलला. यंत्र वगैरे काही नव्हतं. पण खोलीच्या आतला बोर्ड आणि बाहेरचा बोर्ड एकाच पॅनलमध्ये पाठीला पाठ लावून बसवलेले होते. मध्ये नुसती पोकळी. मी टॉर्च लावला तर पलीकडच्या बोर्डाच्या भोकातून उजेड बाहेर पडला. मामांनी दोन्ही बोर्ड पुन्हा बसवले.

चहा आला. मामा तो घेऊन बाहेर बाकड्यावर बसले, मी शेजारी. आत नंदाबाईंनी दार लावून बहिणीला फोन केला होता. त्या हळूच बोलत होत्या.

"नोटीस आलीया... न्हाई, ह्यांना सांगितलं न्हाई अजून... कोणत्या तोंडानं सांगू?"

मामांचा कप ओठाशी थांबला. आवाज समोरून येत नव्हता, खालून येत नव्हता. मामांनी मान वर केली. इतक्या महिन्यांत मी त्यांना छताकडं बघताना पहिल्यांदा पाहिलं.

मी स्टुलावर चढून सीलिंगची एक टाइल उचलली आणि डोकं आत घातलं. वर चार फूट पोकळी होती, मग खरा स्लॅब. पार्टिशन टाइलपाशी संपलं होतं आणि त्याच्यावर, हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, सगळं मोकळं. खोलीतला शब्द टाइलमधून वर जायचा, पोकळीतून भिंत ओलांडायचा आणि बाकड्यावर उतरायचा. शिवाय कडक झालेल्या जुन्या रबराच्या पट्ट्यांतून, स्विचबोर्डातून जे गळत होतं ते वेगळंच. पत्रकातला आकडा खोटा नव्हता. पण तो प्रयोगशाळेत तपासलेल्या एकट्या पॅनलचा आकडा होता. आमच्या खोलीचा नव्हता. हे मी डिप्लोमाच्या तिसऱ्या वर्षी शिकले होते. परीक्षेत लिहिलंही होतं.

खाली उतरले. मामा म्हणाले, "वरून गेलं?"

"वरून गेलं."

"लांडगा," ते म्हणाले, आणि चहा तसाच ठेवून जिना उतरले.

राधेश्याम शेठला मी त्याच संध्याकाळी सांगितलं. शेठ वाईट माणूस नाही. कामगाराच्या घरी आजारपण असलं की स्वतः डबा पाठवतो. त्यानं सगळं ऐकलं आणि म्हणाला, "देखो मॅडम, ऑर्डरमध्ये काय लिहिलंय? सीलिंगपर्यंत. आपण सीलिंगपर्यंत दिलं. आता तुम्ही जाऊन सांगणार की आमची भिंत बोलते, तर उद्या कोण काम देणार? बिलकुल तोंड उघडायचं नाही. बिरू, तू पण."

मामांनी मान हलवली. होकारार्थी की नकारार्थी, कळलं नाही.

मग आठ दिवस आम्ही दोघं गप्प बसलो. हे लिहायला जड जातं, पण तसंच झालं. मी घरी सांगितलं नाही. मला नोकरी लागून वर्षही झालं नव्हतं आणि आमच्या घरात ऑफिसात नोकरी करणारी मी पहिलीच. बदनापूरच्या एका साइटवर आम्ही काम करत होतो. मामा भिंतीला खांदा लावायचे आणि "बराबर" म्हणायचेच नाहीत. एकदा त्यांच्या बायकोनं, आशाबाईंनी, डबा आणून दिला तेव्हा मला बाजूला घेऊन विचारलं, "मॅडम, ह्यांचं काही चुकलंय का? जेवताना सारखं वर आढ्याकडं बघतेत. मी म्हणलं पाल हाये का, तर बोलत न्हाईत."

आठव्या दिवशी कळलं की नंदाबाईंना घरी बसवलंय. सोमवारी कमिटी कायमचं ठरवणार.

रविवारी मामांचा फोन आला. "उद्या परतूर. मी रामरावांना निरोप धाडलाय. तुम्ही याच असं न्हाई."

मी गेले.

रामराव मोठे शेतकरी, अंगानं भारी, बोलायला फटकळ. कमिटीचे आणखी दोघं होते. नंदाबाई कोपऱ्यात उभ्या, पदर घट्ट धरून. रामरावांनी मामांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तू फिटर ना? तुझं काय काम हितं? बिल राह्यलं का?"

"बिल न्हाई मालक," मामा म्हणाले. "तुम्ही फकस्त त्या बाकड्यावर बसा. पाच मिनिटं."

"मी तपासणीला आलोय का तू?"

"बसा तरी."

रामराव कुरकुरत बसले. मामा आत गेले आणि दार लावून घेतलं. आणि मग छतातून त्यांचा आवाज आला. ओरडून नाही, समोर बसलेल्या माणसाशी बोलावं तसा.

"रामराव, मी बिरू. ही भिंत मी केली. नंदाबाईनं कुनाला काही सांगितलं न्हाई. त्या दैवशालाचं बोलणं तिच्या सासूनं तुम्ही बसलात तिथंच बसून ऐकलं. वर चार फूट मोकळं हाय. मी खालचं बघितलं, वरचं बघितलं न्हाई. आन् कळल्यावर आठ दिवस गप्प राह्यलो. ऐकू आलं का?"

रामरावांनी बाकड्याची कड धरली होती. शेवटी ते दाराकडं बघून जरा घोगऱ्या आवाजात म्हणाले, "आलं. ये भाईर."

तेव्हा मी पुढं होऊन सांगितलं की सीलिंगपर्यंत असं ड्रॉइंगवर मी लिहिलं होतं, आणि ऐकू येणार नाही हेही मीच सांगितलं होतं. रामराव म्हणाले, "येवढं शिकून हे?"

मला वाटलं होतं, आता नंदाबाई मोकळ्या होतील, रडतील, निदान बसतील. त्या उभ्याच राहिल्या. मामा बाहेर आल्यावर त्यांच्याकडं बघत म्हणाल्या, "दोन महिने मी त्या खोलीत एकेकीला म्हणलं, मोकळ्यानं बोल, हितं कुनी ऐकत न्हाई. किती जणींना म्हणलं, माहितीये का तुम्हाला?"

मामांनी खाली बघितलं.

"मला बी मोजता येत न्हाई," नंदाबाई म्हणाल्या.

नोटीस मागं घेतली गेली. खोली दुरुस्त करायला चार दिवस लागले. मामांनी शेठला न विचारता काम धरलं आणि शेठनं त्यांना पुढच्या साइटवर घेतलं नाही. मला ठेवलं.

पार्टिशनच्या वर थेट स्लॅबपर्यंत आम्ही दोन्ही बाजूंनी जिप्समचे बोर्ड चढवले, मध्ये आवाज गिळणारं ग्लासवूल भरलं. स्लॅबशी राहिलेली बारीक फट पुटीसारख्या मऊ मसाल्यानं बुजवली. बाहेरचा स्विचबोर्ड दुसऱ्या पॅनलमध्ये नेला. जुन्या रबराच्या पट्ट्या मामांनी एकेक करून उपटल्या आणि खिडकीतून खाली टाकल्या. त्यांना काही फेकताना मी पहिल्यांदा पाहिलं. नव्या पट्ट्या लावल्या. वरच्या बोर्डांवर त्यांनी गेरूची खूण केली नाही. मी विचारलं तर म्हणाले, "हे उचलायचं न्हाई."

पण बायका येईनात. खोली पक्की झाली हे परतूरला कसं सांगायचं? भोंगा लावून? नंदाबाई रोज दहाला दार उघडायच्या आणि पाचला लावायच्या. दैवशालाच्या मुलीचा पत्ता नव्हता. तिला परत मिळवायचं तर कोर्टात अर्ज करायचा होता आणि अर्जात सगळं खरं लिहायचं होतं: कधीपासून मारतो, कोण बघतं, पोरीला कुठं नेलं असावं. ते दैवशालानं बोलल्याशिवाय कागदावर येणार कसं? नंदाबाई दोनदा तिच्या दारी जाऊन आल्या. दोन्ही वेळा दार उघडलं नाही. शेवटी रामराव स्वतः तिच्या भावाला जाऊन भेटले, आणि एका बुधवारी भाऊ तिला घेऊन आला. नंदाबाईंनी मला आणि मामांना आधीच बोलावून ठेवलं होतं. "तिनं विचारलं तर तुम्हीच सांगा," त्या म्हणाल्या. "माझ्यावर ती इस्वास ठेवणार न्हाई."

दैवशाला बारीक, काळीसावळी, पंचविशीची असेल. भावाला तिनं जिन्याखालीच थांबवलं. वर आली आणि बाकड्याकडं बघत उभी राहिली.

"तुम्हीच का भिंतीवाले?" तिनं मामांना विचारलं.

"व्हय माय."

"आता बराबर झाली?"

"झाली. तू आत बोल, मी हितं बसतो. एक शब्द आला तर सांगतो."

ती हसली. ते हसणं बघवत नव्हतं. "आला तरी तुम्ही न्हाईच म्हणाल. माझी सासू बी तुमच्यासारखीच बसल्ती, साधी."

मामांनी बाकड्याकडं बोट केलं. मग म्हणाले, "मंग तू बस भाईर. मी आत जाऊन बोलतो."

"काय बोलाल? एक दोन तीन?"

"न्हाई," मामा म्हणाले. "एक दोन तीन कुनी बी हळू बोलंल आन् जोरात बोल्लो म्हणंल. मी असं बोलतो जे कुनाला सांगितलं न्हाई. माझ्या बायकोला बी न्हाई. तुला ऐकू आलं तर ते तुझं. गावभर सांग."

दैवशालानं त्यांच्याकडं बराच वेळ बघितलं. मग बाकड्यावर बसली, अगदी भिंतीला चिकटून. मला म्हणाली, "तुम्ही बी बसा." मी बसले. नंदाबाई खिडकीपाशी उभ्या होत्या. मामा आत गेले. दार लागलं.

खाली मोंढ्यात पोत्यांची चढउतार चालली होती, एक ट्रॅक्टर सुरू होत नव्हता. ते सगळं ऐकू येत होतं. दैवशालानं कान भिंतीला लावला. मग उठली, मान वर करून उभी राहिली, बाकड्यावर चढून सीलिंगच्या टाइलकडं कान केला. खाली उतरून दाराच्या फटीपाशी गुडघ्यावर बसली. मीही कान देऊन होते. कुणीतरी बोलतंय एवढं लागत होतं, दूरच्या शेतातल्या मोटरीसारखं. शब्द एकही नाही.

असं बराच वेळ चाललं. माणसाकडं इतकं सांगायचं असतं, असं मला वाटलं नव्हतं.

दार उघडून मामा बाहेर आले. डोळे लाल होते. त्यांनी आमच्याकडं पाहिलं नाही, माठातलं पाणी घेतलं, प्याले. ग्लास पालथा ठेवला.

दैवशालानं विचारलं, "खरंच बोल्ले का?"

मामांनी नुसती मान हलवली.

"काय बोल्ले?"

"तुला आलं का ऐकू?"

"न्हाई."

"मंग राहू दे," मामा म्हणाले.

दैवशाला आणखी थोडा वेळ उभी राहिली. मुलगी मिळेल की नाही, हे त्या दिवशी आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि हे लिहिताना अजूनही तारखाच पडताहेत. तिनं नंदाबाईंकडं न बघता पदर खोचला आणि आत गेली. नंदाबाई तिच्या मागं गेल्या. दार लागलं.

मी तिथंच बसले होते. मामांनी बाकड्याचं एक टोक धरलं.

"उठा मॅडम. दुसरीकडून धरा."

"का? आता तर काहीच ऐकू येत नाही."

"न्हाई येत. तरी धरा."

बाकडं सागवानी, जड होतं. फरशीवर ओढलं तर आवाज झाला असता, म्हणून आम्ही ते उचललं, आणि मध्ये एकदा टेकून हॉलच्या दुसऱ्या टोकाला, जिन्यापाशी नेऊन ठेवलं.